इंगवले सरांनी भट्टी धुतली

सूड म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यांपुढं एक तर कोयता येतो, नाहीतर कोर्ट येतं. अनुजा कुरणेनं जो सूड घेतला त्याला झेंडूच्या दोन माळा, लांब दांड्याचा एक ब्रश आणि गप्प बसणं, एवढंच सामान लागलं. त्यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. अनुजा आजऱ्याची. आजऱ्याचं माणूस तासभर गप्प बसलं तर घरचे डॉक्टरला बोलावतात.

गोष्ट महापुराच्या वर्षाची, म्हणजे दोन हजार पाचची. कोल्हापूर शहराच्या कडेला, टेकाडावर एक कॉलेज होतं. त्याच्या पदार्थविज्ञान विभागात, व्हरांड्याच्या अगदी टोकाच्या खोलीत अनुजाची भट्टी होती. उद्यमनगरातल्या एका कारागिराला तीन महिने रोज चहा पाजून तिनं ती करून घेतली होती. चार फूट लांब, लोखंडी पत्र्याची, दुरून बघणाऱ्याला तोफच वाटावी अशी. तिच्या पोटातून आरपार काचेची नळी गेलेली. साधी काच नव्हे, क्वार्ट्झची. हजार अंशालासुद्धा न वितळणारी. नळीच्या एका टोकाला काजूच्या टरफलाचं तेल ठेवायचं, त्यात चिमूटभर लोखंडाची संयुगं, आणि मधोमध, जिथं भट्टी लालबुंद होते तिथं, करंगळीच्या नखाएवढी सिलिकॉनची चकती. तेलाची वाफ चकतीवर पोचली की तिच्यातला कार्बन लोखंडाच्या कणांवर बसून वर वर वाढायला लागायचा. पोकळ नळ्या उगवायच्या. केसाचे उभे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी एक नळी, आणि एका नखावर अशा कोट्यवधी.

विभागाचा शिपाई केरबा आल्यागेल्या पावण्यांना सांगायचा, "आमच्या अनुताई काजळीची शेती करत्यात. एवढ्याशा चकतीवर एवढी झाडं, की आंबोलीचं जंगल लाजून पाठ फिरवंल. आणि मोजायला बसला तर मोजणारा म्हातारा हुईल, झाडं संपायची न्हाईत."

केरबा वाढवून सांगायचा हे खरं, पण या बाबतीत तो कमीच सांगत होता.

त्या जंगलाचा उपयोग असा. चकती एका विद्युतमंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, बसवायची, जे सेकंदाला अब्जावधी वेळा थरथरतं. हवेत अमोनियाचे चार कण जरी आले तरी ते त्या नळ्यांना चिकटतात आणि थरथर बदलते. डग्ग्यावर माशी बसावी आणि लांब बसलेल्या जाणकाराच्या कपाळाला आठी पडावी, तसं. दूध थंड करायच्या कारखान्यात अमोनिया गळला तर माणसाच्या नाकाला कळायच्या कितीतरी आधी या चकतीला कळणार होतं.

जगभर हे काम महागड्या वायूंवर चालायचं. काजूच्या तेलाची कल्पना अनुजाला सुचली, कारण ती त्या तेलाच्या वासातच वाढली. तिची आई बयाबाई आजऱ्याच्या काजू कारखान्यात बावीस वर्षं टरफलं फोडत होती. ते तेल बोटांना लागलं की कातडी सोलते आणि काळा डाग महिनाभर जात नाही. लहानपणी अनुजानं बघितलेलं, की भाजणीच्या छपराला जी काजळी धरते ती चुलीच्या काजळीसारखी नसते, मखमलीसारखी असते. पुढं पुस्तकं वाचल्यावर तिला त्या मखमलीचं कोडं उलगडावंसं वाटलं. त्यात चार वर्षं गेली.

आणि चार वर्षांनी, जून महिन्यात, परदेशातल्या एका नामांकित नियतकालिकात पेपर छापून आला. काजूचं तेल, तापमान, वेळ, वायूचा वेग, सगळं अनुजाचं. वर नावं दोन. एक तिचे मार्गदर्शक डॉ. संग्राम इंगवले यांचं. दुसरं सरांची भाची मनाली हिचं. मनाली त्या खोलीत आजवर दोनदा आली होती. एकदा फोटो काढायला, आणि दुसऱ्यांदा विसरलेली छत्री न्यायला.

अनुजा पेपर हातात घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझं नाव?"

इंगवले सर माणूस उमदा. सहा फूट उंची, पांढरा शर्ट, मिशीला रोज तेल. त्यांनी खुर्ची मागं रेलून घेतली.

"हे बघ कुरणे. तेल तुझ्या आईचं, भट्टी कॉलेजची, डोकं माझं. तुझं काय त्यात?"

"सर, माझा प्रबंध याच्यावरच हाय."

"मग दुसरा विषय घे की. छापून आलेल्या गोष्टीवर परत पदवी कशी मिळंल? घाई काय हाय तुला, अजून तीन-चार वर्षं हायत."

म्हणजे पेपर गेला, प्रबंध गेला, पदवी गेली. उरलं काय, तर हाताला काजूचे डाग. प्राचार्यांकडं जाऊन उपयोग नव्हता, ते सरांचे साडू होते. अनुजा व्हरांड्यात येऊन उभी राहिली. केरबानं सगळं दाराआडून ऐकलेलं.

"ताई, तुम्ही नुसतं बोट दावा. सरांच्या गाडीच्या टाकीत साखर घालतो. इंजिनाचा पाक हुईल."

"नको, मामा."

"मग चारी चाकांची हवा?"

"मामा, हवा उद्या परत भरता येती. मला असं काहीतरी पाहिजे, जे परत भरता येणार न्हाई."

ती असं म्हणाली खरी, पण काय पाहिजे ते तिचं तिला ठाऊक नव्हतं. ते तिला ऑगस्टमध्ये सापडलं, आणि तेही सरांच्याच कपाटात.

सरांना व्याख्यान द्यायचं होतं आणि आकडे आठवत नव्हते. त्यांनी अनुजालाच किल्ली दिली. "तुझी वही आण जा कपाटातनं." जानेवारीत "जरा बघतो" म्हणून नेलेली तिची प्रयोगवही तिनं सात महिन्यांनी हातात घेतली. सहज पानं चाळली. पान एकसष्टवर तिनं स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'नळी कधीही धुऊ नये.' खाली दोन रेघा. आणि शेजारी, समासात, सरांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीनं तीन शब्द होते.

'धार्मिक कारण. वगळावे.'

अनुजाला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि तिचे कान तापले.

इथं खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं कोल्हापूर आपली हत्यारं धुतं. लेथ मशीन, ऐरण, ट्रॅक्टर, रिक्षा, वजनकाटा, न्हाव्याची कात्री. त्या दिवशी शहरात औषधाला धूळ हवी असली तरी शेजारच्या जिल्ह्यातून आणावी लागते. विभागातही केरबा बादली, सोडा आणि काथ्या घेऊन खोलीखोलीतून फिरायचा, आणि मग मशीनला कुंकू, माळ, नारळ. फक्त टोकाच्या खोलीच्या दारात चार वर्षं अनुजा दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहायची. "मामा, पुढं जावा. माझ्या भट्टीला पाणी लावायचं न्हाई."

तिच्या घरी छप्पन्न सालापासून बुद्धवंदना होते हे विभागात सगळ्यांना माहीत. त्यामुळं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं, की मुलीला पूजा चालत नाही. सर तर मोठ्या मनानं इतरांना समजावायचे, "त्यांच्यात नसतं ते. आपण सांभाळून घ्यायचं." इतर माना डोलवायचे. मग पेढे वाटले जायचे. का धुवायची नाही, असं चार वर्षांत एकानं तिला विचारलं नाही.

विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. नवी कोरी काच हावरट असते. तेलाची वाफ आली, लोखंडाचे कण आले, की आधी ती आपलंच अंग भरून घेते आणि चकतीला उपाशी ठेवते. चाळीसेक वेळा भट्टी पेटवली, नळी आतून काळीकुट्ट झाली, की तिचं पोट भरतं. मग जे येईल ते सगळं चकतीला मिळतं. बिडाचा तवा राखेनं खरवडून घासून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी आंबोळ्या करायला घ्या. चिकटतात का नाही बघा. सगळ्या आजऱ्यातल्या बायकांना जे माहीत, ते या नळीलाही लागू होतं. त्यात देवाधर्माचा काही संबंध नव्हता. ते निव्वळ विज्ञान होतं, आणि सरांनी ते तिची जात बघून वाचलं होतं.

तिनं पान मिटलं. वही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि बाहेर येऊन इतकी हसली की केरबानं पाण्याचा तांब्या आणला.

"काय झालं ताई?"

"काय न्हाई मामा. सरांनी मला सगळं सामान आणून दिलं."

सप्टेंबरात पत्र आलं. दिल्ली-बंगळूरहून तीन तज्ज्ञांची समिती दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी येणार. त्यांच्या डोळ्यांदेखत चकतीवर जंगल उगवलं, तर कॉलेजात संशोधन केंद्र मंजूर, आणि केंद्राचे संचालक डॉ. इंगवले. सरांच्या मिशीला त्या आठवड्यात दुप्पट तेल लागलं.

"भट्टी तू चालव कुरणे," ते म्हणाले. "बोलायचं मी बघतो."

"सर, शोध तुमचा. पाहुण्यांसमोर भट्टीला तुमचाच हात शोभतो की. फोटो निघणार, पेपरात येणार. मी मधी दिसले तर बरं वाटंल का?"

सरांना पटलं. अशी गोष्ट त्यांना फार लवकर पटायची.

मंगळवारी, खंडेनवमीला सकाळी अनुजा फुलबाजारातून झेंडूच्या दोन माळा घेऊन आली. टोकाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. केरबा बादली घेऊन नेहमीप्रमाणं पुढं निघालेला.

"मामा, आत या. यंदा भट्टी धुवायची."

केरबाच्या हातातला काथ्या पडला. व्हरांड्यातून सर लगबगीनं आले.

"काय गं, आज आमच्याबरोबर? सुधारलीस म्हणायची!"

"सर, शुक्रवारी मोठे लोक येणार. भट्टी काळीमिट्ट दिसती. लाज वाटती."

"मी तेच चार वर्षं म्हणत होतो!" सर म्हणाले. त्यांनी तसं कधीच म्हटलेलं नव्हतं. "पण तुमचं मन दुखावायला नको म्हणून गप्प बसलो. केरबा, तू सरक. ही काच हाय, तुझं काम न्हाई. मी स्वतः करतो."

आणि सरांनी बाह्या वर केल्या.

एक गोष्ट मान्य करायला हवी, की माणसानं काम चोख केलं. त्यांनी नळीची दोन्ही टोकं उघडी टाकली, भट्टी लाल केली आणि आतून हवा सोडली. चार वर्षांची काजळी धुमसत धुमसत बरीचशी जळून गेली. मग थंड झालेल्या नळीत आम्ल घातलं, लोखंडाचा अंश विरघळवला, आणि अनुजानं पुढं केलेला लांब दांड्याचा ब्रश आत सारून ते घासायला लागले.

अनुजा भिंतीला टेकून बघत होती. नळीतून काळं पाणी बादलीत पडत होतं. त्या पाण्यात दीडशेच्या वर फेऱ्या होत्या. तापात फणफणलेली असताना लावलेली एक. बापाच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरी न जाता लावलेली एक. चकतीवर पहिल्यांदा मखमल उठली आणि तिला कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून तिनं केरबाला मिठी मारली, ती एक. सगळं बादलीत. क्षणभर ती ओरडणारच होती, सर, थांबा.

मग तिला आठवलं, तुझं काय त्यात.

"सर," ती म्हणाली, "त्या टोकाला आतून काळं राहिलंय बघा."

"कुठं? हां, हां. तुझी नजर चांगली हाय."

दुपारी नळी अशी लख्ख झाली, की एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकाला उभ्या केरबाच्या दाढीचे खुंट मोजता यावेत. भट्टीला माळा घातल्या, कुंकू लागलं, नारळ फुटला. सरांनी स्वतःच्या हातानं अनुजाला पेढा दिला. तिनं तो सावकाश खाल्ला.

दसऱ्याला ती आजऱ्याला गेली. विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता. पांढऱ्या साडीतल्या बयाबाईनं लेकीकडं दोनदा वळून बघितलं.

"वंदना चाललीया आणि तू गालातल्या गालात हसतीस? काय केलंयस?"

"काय न्हाई आई. भट्टी धुऊन घेतली."

शुक्रवारी समिती आली. दोन पुरुष, ते सरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. आणि बंगळूरच्या डॉ. श्रुती हेगडे, ठेंगणी बाई, पायात कापडी बूट. त्या मान हलवत नव्हत्या. सरांनी अर्धा तास भाषण केलं. काजू, कोल्हापूरची माती, ग्रामीण प्रतिभा, सगळं येऊन गेलं. मनाली रेशमी साडीत शेजारी. मग सरांनी तेल ठेवलं, चकती ठेवली, बटण दाबलं. फोटो निघाले.

चाळीस मिनिटांनी चकती बाहेर काढली. ती आरशासारखी होती. हेगडेबाईंनी तीत बघून कपाळावरची टिकली सरळ केली.

"होतं असं पहिल्यांदा," सर हसले. दुसरी फेरी लावली. दुसरी चकतीही आरसा. तिसऱ्या फेरीला सरांचा शर्ट पाठीला चिकटला. वायूत भेसळ आहे म्हणाले, विजेचा दाब कमी आहे म्हणाले, यंदा काजूच वाईट आला म्हणाले. चौथा आरसा निघाल्यावर ते गर्रकन वळले.

"कुरणे! काय केलंस तू?"

"मी काय करणार सर? भट्टीला हात तुमचाच हाय. मंगळवारपासनं."

हेगडेबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "तुम्ही इथं काय काम करता?" त्यांचं मराठी बेळगावकडचं होतं.

"मी झेंडू आणते, मॅडम."

दारातल्या केरबाला खोकला आला.

हेगडेबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर अनुजाच्या बोटांवर होती, नखांपाशी मुरलेल्या काळ्या डागांवर. "हे का उगवत नाही, तुम्हाला माहीत आहे का?"

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर बाईंना तिथल्या तिथं कळलं असतं, चार वर्षं भट्टीपाशी कोण बसलं ते. पण ते वाक्य सरांच्याही कानावर पडलं असतं. महिन्याभरात त्यांनी नळी काळी केली असती, परत बोलावलं असतं, आणि केंद्र उभं राहिलं असतं. शोध त्यांचाच राहिला असता, आणि हिला एक शाबासकी.

"मॅडम, पेपरात सगळं लिहिलंय," अनुजा म्हणाली. "ज्यांचा पेपर हाय, त्यांना विचारा."

बाई मनालीकडं वळल्या. "दुसरं नाव तुमचं ना? तुम्ही सांगा."

मनालीनं सरांकडं बघितलं, भट्टीकडं बघितलं, आणि तिला रडू फुटलं. "मामा, मी नको म्हणत होते की!"

समितीनं जेवण न करता निघताना सरांना लेखी कळवलं. जानेवारीअखेर पुन्हा येऊ. तेव्हाही उगवलं नाही, तर हा प्रयोग पुन्हा होत नाही असं नियतकालिकाला लिहावं लागेल. म्हणजे पेपर मागं घ्यायचा, आणि ते जगभर छापून येणार.

अनुजा दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळून आजऱ्याला गेली, आणि सरांचे हाल सुरू झाले. त्यांनी तेल बदललं. वायू बदलला. कुणीतरी सांगितलं म्हणून भट्टीचं तोंड पूर्वेला केलं, मग उत्तरेला केलं, मग भट्टी तिरकी ठेवली. एक भटजी आले, एक वायरमन आला. आणि सर पडले टापटिपीचे. एक फेरी फसली की तिचा काळा डाग त्यांना बघवायचा नाही. ते ताबडतोब नळी बाहेर काढायचे, आम्लात घालायचे आणि घासायचे. जेवढं अपयश तेवढी धुलाई. केरबा शपथेवर सांगतो, की डिसेंबरात ती नळी घासून घासून इतकी पातळ झाली, की फुंकर मारली तर सूर निघायचा.

आजऱ्यात बयाबाई मात्र लेकीवर खवळलेली.

"त्याचं काय गेलं? पगार चालू हाय, खुर्ची हाय. तुझी पदवी गेली. हा कसला गं सूड, ज्यात तुझंच जास्ती गेलं?"

"अजून झाला न्हाई आई. शिजतोय."

"करपंल हं!"

अनुजाला त्याचीच धास्ती होती. डिसेंबर सरला. रोज दुपारी कोल्हापूरची एसटी आली की ती रस्त्याकडं बघायची आणि मग स्वतःवरच चिडायची. सर नाही आले तर सर बुडणार हे खरं, पण त्यांच्याबरोबर शोधही बुडणार. काजूच्या तेलावर नळ्या उगवतात ही थापच होती, असं जगात कायमचं लिहिलं जाणार. तिची चार वर्षं मग चोरीचीसुद्धा राहणार नव्हती.

जानेवारीच्या चार तारखेला इंगवले सर आले. गाडी न घेता एसटीनं, डोक्यावर टोपी ओढून. कोल्हापूरकर बघतील म्हणून. अंगणात काजू वाळत घातलेले. सर त्यांच्या कडेकडेनं वाट काढत पडवीत आले आणि बाकड्यावर बसले. मिशी कोरडी होती.

"बसा पावणं," बयाबाई म्हणाली, आणि काळ्या बोटांनी चहाचा कप पुढं केला. सरांनी कपाकडं बघितलं, बयाबाईकडं बघितलं, आणि चहा घेतला.

"कुरणे," ते म्हणाले, "झालं गेलं सोड. पहिलं नाव तुझं. दुसरं माझं."

"पहिलं माझं. दुसरं आईचं. तेल तिचं ना, सर?"

"अगं पण..."

"मनालीताईंचं काढा. तुमचं काढा. हेगडे मॅडमना एक पत्र, आणि पेपर छापला त्यांना एक. तुमच्या अक्षरात. ही रीत अनुजा कुरणेची, आमचा तीत काही हात न्हाई, एवढं लिवा. मग मी सांगते काय चुकतंय ते."

सरांनी तासभर घासाघीस केली. आवाज चढवला, उतरवला, तिच्या भवितव्याची काळजी केली, स्वतःच्या रक्तदाबाचा हवाला दिला. अनुजा काजू पालथे घालत राहिली. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं. दोन पत्रं लिहिली, खाली सही केली. बयाबाई पदर खोचून स्वतः पोस्टात गेली, रजिस्टर करून पावती घेऊन आली.

"आता सांग," सर म्हणाले.

"नळी धुवू नका."

सर वाट बघत राहिले. पुढचं वाक्य येईना.

"एवढंच?"

"एवढंच. चाळीस फेऱ्या न धुता लावायच्या. काचेचं पोट भरलं की चकतीला मिळतं."

सरांचं तोंड उघडं राहिलं. "पण ते... ते तर तुमच्यात चालत न्हाई म्हणून..."

"चार वर्षांत एकदा विचारायचं होतं की, सर."

पत्रं पोचल्यावर हेगडेबाईंचं उत्तर आठ दिवसांत आलं. अनुजाच्या प्रबंधाचं मार्गदर्शन पुढं त्या करतील. प्रयोग त्याच भट्टीवर, अनुजाच्या नावानं होईल, आणि डॉ. इंगवले यांनी स्वतःची अब्रू राखायची असेल तर कुरणे सांगतील ती मदत करावी.

अनुजानं सांगितली ती मदत एकच होती. भट्टीपाशी बसणं. दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येक वेळी तेल हातानं मोजून घालायचं, तेलाची वाटी हातानं बाहेर काढायची. हातमोजे घालायला तिची काही ना नव्हती, पण मोजे लगेच चिकट होतात. तिसऱ्या दिवशी सरांच्या बोटांची सालं निघाली. पाचव्या दिवशी नखं काळी झाली. घरी जेवायला बसले की बायको म्हणायची, "अहो, हात धुवा की," आणि सर म्हणायचे, "धुतलेत."

अडतिसाव्या फेरीला चकती बाहेर आली ती काळी, मऊ, उजेड गिळणारी. अनुजानं ती मंडलात बसवली. केरबानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला अमोनियाच्या बाटलीचं बूच नुसतं सैल केलं, आणि पडद्यावरची रेघ थाडकन खाली आली. नाकाला वास पुढं आठ सेकंदांनी आला. महिनाअखेर समिती आली, तिनं बघितलं, आणि हेगडेबाई या खेपेला जेवून गेल्या.

पण अनुजानं सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की चाळीस फेऱ्यांवर नळी भरते खरी, पण पक्की व्हायला आणखी साठ लागतात. हे खरं होतं का, ते फक्त तिलाच माहीत. वहीत तसं काही लिहिलेलं नव्हतं, आणि या खेपेला सरांनी वही शेवटपर्यंत वाचली होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एम.एस्सी.च्या दोन मुली टोकाच्या खोलीत डोकावल्या. आत स्टुलावर डॉ. संग्राम इंगवले घड्याळ बघत बसलेले. शर्टाच्या बाह्या वर, कोपरापर्यंत काळे.

"सर, कुरणे मॅडम हायत का?"

"जेवायला गेल्यात," सर म्हणाले. "दोन वाजता येतील. तोवर मला हलता यायचं न्हाई."

अनुजा तेव्हा दारापासून चार पावलांवर, व्हरांड्याच्या खांबाआड उभी होती. तिनं ते ऐकलं. मग ती आवाज न करता मागं फिरली, कँटीनमध्ये जाऊन बसली, आणि पोट भरलेलं असूनही तिनं एक मिसळ मागवली.